सरगमेवर एकमत

"खरं सांगा, ती सरगम तुम्हाला आवडते?"

डॉक्टर खांबेट्यांनी हे विचारलं तेव्हा माझ्या तोंडात अर्धी जिलबी होती. गडहिंग्लजला सकाळची मैफल आटोपून आम्ही यजमानांच्या पडवीत पंगतीला बसलो होतो. समोरच्या रांगेत खुद्द नेमाण्णाबुवा नांदणीकर मिटक्या मारत जेवत होते. आणि पुण्याचा एवढा मोठा समीक्षक, ज्याच्या रविवारच्या सदराची कात्रणं मी वहीत चिकटवून ठेवत असे, तो माझ्या कानाला लागून बुवांच्या सरगमेची चौकशी करत होता.

जिलबी न चावताच गिळली.

"लोकांना फार आवडते," मी म्हणालो.

"लोकांना जिलबीही आवडते. मी तुम्हाला विचारतोय. तुमच्या तोंडाकडे बघत होतो मी. बुवांनी तोडीत सरगम सुरू केली आणि तुमचा चेहरा असा झाला, जसं काही कुणी तुम्हाला पोरांचे पाढे तपासायला बसवलंय."

मी बुवांकडे पाहिलं. ते वाढप्याला आणखी मठ्ठा मागत होते. मग मी पानात बघून, अगदी हळू, पण म्हणालो, "नाही आवडत."

"मलाही नाही," डॉक्टर म्हणाले. "जेवायला बसवायचं आणि किराणा मालाची यादी वाचून दाखवायची. शी."

तेरा वर्षांत मी हे कुणाकडेही बोललो नव्हतो. बायकोकडेसुद्धा नाही. मी बुवांचा पेटीवाला. दिवसभर इचलकरंजीच्या सूतगिरणीत टाइमकीपर, आणि बुवांची बैठक असेल तिथे त्यांच्या शेजारी पेटी घेऊन हजर. चोविसाव्या वर्षी त्यांनी मला हाताशी धरलं होतं. त्यांच्या शेजारची ती जागा सोडली तर माझ्यापाशी अभिमानाने सांगावं असं काही नव्हतं. आणि बुवांची सरगम म्हणजे तर आमच्या मुलखात देवाचा प्रसाद. ख्याल रंगात आला की बुवा बोल सोडून द्यायचे आणि स्वरांची नावंच घेत सुटायचे, सारेग, रेगम, उलटसुलट, वेड्यावाकड्या उड्या मारत. एक तुकडा झाला की माझ्याकडे तळहात करायचे. मी तो तुकडा पेटीवर जसाच्या तसा वाजवायचा. लोक आधी त्यांना आणि मग मला टाळ्या द्यायचे. कराडपासून बेळगावपर्यंत माणसं बैलगाडी, टेम्पो, मिळेल ते वाहन करून ती सरगम ऐकायला यायची.

मला ती आवडत नसे. माझ्याकडे बुवांची एक जुनी टेप होती, मी त्यांच्याकडे जाण्याच्या बऱ्याच आधीची, कुणीतरी रेडिओवरून उतरवून घेतलेली. साथीला पेटी नाही, सारंगी. त्यात बुवा एकेक स्वर असा लावतात, की त्याचं नाव विचारायची आपल्याला शरम वाटावी. सरगमेचा तुकडासुद्धा नाही. ती टेप मी रविवारी दुपारी दार लावून ऐकत असे आणि ऐकून झाल्यावर मला राग येत असे. असं गाणारा माणूस माझ्या शेजारी बसून टाळ्यांसाठी पाढे म्हणतो! पण बोलणार कुणाशी? पेटीवाल्याने गवयाच्या गाण्याला नाक मुरडायचं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. शिवाय कुणालाच जे खटकत नाही ते आपल्यालाच खटकतं, तेव्हा माणूस आधी स्वतःच्याच कानावर संशय घेतो. मीही घेतला होता.

आणि आता ज्याला कळतं असा माणूस म्हणत होता, मलाही नाही.

त्या पंगतीत मी आणखी चार जिलब्या खाल्ल्या.

हात धुताना मी त्या जुन्या टेपचं बोललो, तशी डॉक्टरांनी ती ऐकायला मागितली. मी प्रत करून पुण्याला पाठवली. आठ दिवसांत पत्र आलं. सुंदर अक्षर, हिरवी शाई. "हेरलेकर, आपण दोघांनी जे ऐकलं ते शंभरात एकाला ऐकू येतं. हे गाणं कुणी बिघडवलं? टाळ्यांनी." मी ते पत्र गिरणीत नेलं. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं. आपण दोघांनी! पुण्याचे डॉक्टर खांबेटे आणि इचलकरंजीच्या सूतगिरणीतला टाइमकीपर!

मग पत्रं सुरूच झाली. दीड वर्षात अकरा आली. मी प्रत्येक मैफलीनंतर चार चार पानं लिहायचो, कुठे सरगम घेतली, किती लांबली, कुठल्या चांगल्या जागेचा तिने कसा जीव घेतला. डॉक्टर लिहायचे, "अगदी बरोबर." कधी लिहायचे, "हे मला सुचलं नव्हतं." माझी कॉलर ताठ होत चालली. साथीला बसलो की डोक्यात पत्राचा मजकूर जुळायला लागायचा. गाणं कानात आणि तक्रार डोक्यात, असं माझं चाललं होतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. उलट वाटायचं, आपला कान आता कुठे तयार होतोय.

नववं पत्र मला अजून पाठ आहे. त्यात त्यांनी लिहिलं होतं, "साथीदार हा गवयाचा पहिला श्रोता. सभागृहातले हजार लोक दाद देतात ती नंतर. या पहिल्या श्रोत्याने हात आवरला, तर गवयाला काही उमगेल की नाही? मी तुमच्या जागी असतो तर... असो. विचार करा."

मी विचार करायला लागलो.

पुढच्या मार्गशीर्षात बुवांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. इचलकरंजीच्या नाट्यगृहात अमृतमहोत्सव ठरला. संध्याकाळी पाचला सत्कार, सहाला गाणं, नंतर जेवण. प्रमुख पाहुणे डॉक्टर खांबेटे. माझ्या मनाने घेतलं, की हीच वेळ. बुवांचं वय झालंय. अजून चार-पाच वर्षं गातील. ती तरी त्या टेपवरच्यासारखी जावीत. हजार लोकांसमोर सरगम एकदा कोरडी पडली की बुवा आपणहून ती सोडतील, आणि आम्ही दोघं, म्हणजे डॉक्टर आणि मी, त्यांचं खरं गाणं त्यांना परत मिळवून देऊ. खोटं कशाला बोलू, मला हे सगळं फार थोर वाटत होतं.

बुवांना तोंडावर सांगावं असं एकदाही मनात आलं नाही का? आलं. पण तेरा-चौदा वर्षं न बोललेली गोष्ट एकदम कशी बोलायची? आमच्यात गवयाला शब्दाने काही सांगत नाहीत. जे सांगायचं ते वाजवून सांगायचं, किंवा न वाजवून.

आदल्या आठवड्यात डॉक्टरांचं कार्ड आलं. "येतोय. पहिल्या रांगेत असेन. बघू काय होतं ते." मी ते कार्ड खिशात घालूनच रंगमंचावर चढलो.

सत्कार दीड तास चालला. शाली, श्रीफळं, मानपत्र, आमदारांचं भाषण. स्मरणिकेचं प्रकाशन झालं, तिचे गठ्ठे सभागृहात वाटले गेले. एक प्रत माझ्याही हातात आली. ती मी पेटीच्या खोक्यात टाकली. वाचायला वेळ कुणाला होता?

बुवांनी पूरिया धनाश्री लावला. तबल्याला आमचा नेहमीचा इलाही मुल्ला. बुवा त्या दिवशी काय गायले म्हणून सांगू! पहिली वीस मिनिटं मला त्या टेपची आठवणसुद्धा झाली नाही. पंचमावर आले आणि असे थांबले की मागच्या रांगेतली कुजबुजही बंद पडली. मी त्यांच्या मागून मागून, जपून जात होतो. मनात म्हणालो, बुवा, आज नका. आज असंच राहू द्या.

लय वाढली. बुवांनी बोल सोडला. सभागृहाला कळलंच, कुणीतरी आधीच टाळी दिली.

"नी रे ग म प, ध प म ग..." बुवांनी पहिला तुकडा टाकला आणि सवयीप्रमाणे माझ्याकडे तळहात केला.

मी भाता मिटला. उजवा हात मांडीवर ठेवला.

तबला एकटाच चालत राहिला. पेटीचा आवाज थांबल्यावर एवढ्या मोठ्या नाट्यगृहात किती पोकळी होते, ते मला तोवर माहीत नव्हतं. बुवांना वाटलं असेल, ऐकू आलं नाही. त्यांनी तोच तुकडा पुन्हा म्हटला, जरा सोपा करून, आणि पुन्हा हात केला. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. डॉक्टर खांबेटे मांडीवर स्मरणिका उघडून तिच्यात बघत होते.

तिसऱ्यांदा बुवांनी हात केला नाही. ते थांबले आणि माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता डोळे वटारतील. आता त्यांना उमगेल. पण ते माझ्याकडे वाकले आणि माईक समोर असल्याचं विसरून, काळजीने म्हणाले, "काय झालं रं मधू? बरं न्हाई काय वाटत? हात धरला काय?"

हजार माणसांनी ते ऐकलं. मी नुसती मान हलवली, ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, मलाच माहीत नाही. बुवांनी स्वतःच्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि लोकांना म्हणाले, "आमच्या मधूचा हात भरून आलाय. सकाळधरनं सतरंज्या उचलतंय. जरा दमानं घेऊ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी! बुवांनी थेट द्रुत बंदिश धरली, पंधरा मिनिटांत भैरवी घेतली आणि गाणं संपवलं. अमृतमहोत्सवाचं गाणं, ज्यासाठी लोक बेळगावहून आले होते, ते तासाभरात उरकलं.

पडदा पडल्यावर मी पेटी खोक्यात ठेवायला गेलो, तेव्हा स्मरणिका हाताला लागली. उघडली तर पहिलाच लेख. "सरगमेचे शिल्पकार नेमाण्णाबुवा." लेखक, डॉ. अनिरुद्ध खांबेटे.

मी विंगेतल्या दिव्याखाली उभ्याउभ्या तो पूर्ण वाचला. साडेचार पानं. "स्वरांची नावे घेणे ही इतरांच्या गळ्यात यादी होते, बुवांच्या गळ्यात ती मूर्ती होते." एवढं एकच वाक्य आता आठवतं. खाली तारीख होती. भाद्रपदातली. म्हणजे मला नववं पत्र आलं त्याच पंधरवड्यातली.

जेवणाच्या मांडवात डॉक्टर बासुंदी खात उभे होते. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन स्मरणिका धरली.

"हे काय आहे?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "छापलंय बरं, नाही? मुद्रितशोधन मात्र भिकार."

"तुम्हाला सरगम आवडत नाही ना?"

"मुळीच नाही."

"मग हे?"

"अहो हेरलेकर," ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "स्मरणिका आहे ती. स्मरणिकेत कुणी नावडतं लिहितं का? पंचाहत्तरीच्या माणसाला काय, झोडपायचं?"

"आणि पत्रांत लिहिलंत ते?"

"पत्रं खाजगी असतात."

"तुम्ही मला लिहिलंत, पहिला श्रोता, हात आवरला तर, म्हणून. तुम्ही लिहिलंत म्हणून मी आज..."

"मी 'विचार करा' असं लिहिलं होतं," डॉक्टर म्हणाले. चमचा वाडग्यात ठेवून, अगदी शांतपणे. "तुम्ही विचार केलेला दिसत नाही."

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष आडमुठे आले. डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "काय साहेब, गाणं कसं काय झालं?"

"वा! बुवांच्या सरगमेला तोड नाही," डॉक्टर म्हणाले. "आज जरा अपुरी राहिली. साथीचं काय, माणूस आहे, व्हायचंच." आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

आयुष्यात मी कुणावर हात उगारलेला नाही. त्या दिवशी उगारला असता तर बरं झालं असतं, असं आज चोवीस वर्षांनीही मला वाटतं. पण बासुंदीचा वाडगा हातात असलेल्या माणसाला मारायचं कसं, याचाच विचार करत मी उभा राहिलो आणि ते अध्यक्षांबरोबर निघून गेले.

नाट्यगृहाच्या पायरीवर इलाही तबल्याची झोळी घेऊन रिक्षाची वाट बघत होता. मी त्याच्या शेजारी बसलो. तो म्हणाला, "हात दुखत न्हवता तुमचा."

"नाही."

"मला समजलं. पर कशापायी?"

मी त्याला सगळं सांगितलं. जिलबीपासून बासुंदीपर्यंत. पत्रांचं सांगितलं तेव्हा इलाही एकदम माझ्याकडे वळला.

"हिरवी शाई?"

"हो."

"आवं, मला बी येत्यात की! दीड वरीस झालं."

"तुला? सरगमेबद्दल?"

इलाही घुटमळला. झोळीची नाडी उगाच बांधत सोडत राहिला. "न्हाई. तुमच्या पेटीबद्दल." मग घाईने म्हणाला, "राग मानू नका मधुभाऊ. मला तुमचं ते मधीमधी भरणं पटत न्हाई, ठेका झाकतंय. मी कुणापाशी बोललो न्हवतो. त्यांनीच गडहिंग्लजला जेवताना इचारलं. म्हणाले, मलापण न्हाई पटत. मला लई बरं वाटलं बघा. येवढा मोठा माणूस आपल्यासारखंच म्हणतोय म्हणताना."

गडहिंग्लजला. त्याच पंगतीत. आधी माझ्या कानाला लागले की आधी त्याच्या, ते मी विचारलं नाही.

खांबेट्यांनी असं का केलं, याचा मी पुढे बरीच वर्षं विचार केला. वाईट माणूस म्हणावा तर त्यांना त्यातून मिळालं काय? मला वाटतं, त्यांना ते सोपं जात असावं, एवढंच. माणसाच्या मनातली नावड ओळखायची आणि तिला मान डोलवायची. मान डोलवली की माणूस आपला होतो. आपला झालेला माणूस पुढे काय करून बसतो, ते बघायला ते थांबत नसत. आणि आपलं म्हणून घ्यायला मी तर आधीपासूनच उतावीळ होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीत रजा टाकली आणि सायकल हाणत नांदणीला बुवांच्या घरी गेलो. रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. ठरवलं होतं, पाय धरायचे, सगळं सांगायचं, खांबेट्यांची पत्रं पुढ्यात टाकायची, आणि बुवा ओरडतील ते ऐकून घ्यायचं. जागा राहिली पाहिजे. बाकी काहीही होवो, बुवांच्या शेजारची जागा राहिली पाहिजे.

बुवा कट्ट्यावर सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. पंचाहत्तरीचा हार अजून खुंटीला होता. मला बघून ते म्हणाले, "ये. हात कसा हाय? अक्का, मधू आलाय गं. त्येला तेल तापवून दे चोळायला."

"बुवा, हाताला काही झालं नाही."

"मग?"

मी पाय धरायचे विसरलो. उभ्याउभ्याच म्हणालो, "मला सरगम आवडत नाही, बुवा. म्हणून वाजवली नाही."

शेंग फोडायची राहिली. आतून बुवांच्या बहीण अक्का तेलाची वाटी घेऊन दारापर्यंत आल्या आणि तिथूनच परत फिरल्या.

"कवापासनं?" बुवांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"चौदा वरसं?"

"हो."

"आणि हे कुणाला म्हाईत हाय?"

मी पिशवीतून पत्रं काढून कट्ट्यावर ठेवली. खांबेट्यांचं सगळं सांगितलं. मला वाटत होतं, बुवा त्यांच्यावर चिडतील, म्हणजे माझ्यावरचा राग निम्मा होईल. बुवांनी पत्रांना हातसुद्धा लावला नाही.

"पुण्याच्या माणसाला एवढी पत्रं धाडलीस," ते म्हणाले. "हितं नांदणीला एकदा सायकल हाणाय आली न्हाई तुला?"

"तुम्हाला राग आला असता."

"कशाला येईल राग? मला तरी कुठं आवडती ती?"

"तुम्हाला?" मी विचारलं.

"आमच्या गुरूंनी ऐकली असती तर पायतानानं हाणलं असतं मला. नावं घेऊन गाणं म्हंजे पोरखेळ म्हणायचे ते." बुवांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "तासगावचं आठवतंय तुला? तू नवा होतास. सहावी का सातवी बैठक आसंल."

आठवत होतं. तासगावची बैठक मी ज्याला त्याला सांगत आलो होतो. तिथे मला आयुष्यातली पहिली टाळी पडली होती. बुवांच्या सरगमेचे तुकडे मी एकही न चुकता पेटीवर काढले होते, आणि माणसं उभी राहिली होती.

"त्या दिवशी तुला काय सापडंना झालं," बुवा म्हणाले. "मी मारव्यात कुठं जातोय त्येचा तुला पत्त्याच न्हाई. तुजी बोटं अशी कापाय लागली. फुडच्या रांगेतनं कुणीतर म्हणालं, ह्ये पोरगं कुठनं आणलं बुवांनी. तू ते ऐकलंस. तोंड एवढंसं झालं तुजं. मला वाटलं, हे पोरगं आज उठून जातंय आणि परत कवा पेटीला शिवत न्हाई. मग मी नावं घेत गेलो. म्हटलं, नावं ऐकून तर सापडंल त्येला. सापडलं. लोकांनी टाळ्या हाणल्या. तुज्या तोंडावर जे काय आलं ना तवा..." बुवांनी आणखी एक शेंग उचलली. "म्हणून फुडच्या बैठकीतबी घेतली. मग लोक मागाय लागले. तुलाबी आवडती, असं वाटायचं मला. तू वाजवायचास तर लई मन लावून."

मी कट्ट्याच्या कडेला बसलो. सगळ्यात आधी मला काय वाटलं ते लपवत नाही. मला वाटलं, आपल्याला फसवलं. खांबेट्यांनी फसवलं ते एक, पण बुवांनीही. चौदा वर्षं ती टाळी मी माझी समजून छातीशी धरली, आणि ती मुळात कीव होती. "तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"काय सांगू? तुला येत न्हवतं म्हणून गातोय, असं सांगू?"

अक्कांनी चहा आणून ठेवला. चहावर साय धरली तरी कुणी घेतला नाही.

"बुवा, चुकलो," शेवटी मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात जयसिंगपूरची बैठक आहे. मी येतो. तुम्ही म्हणाल ते वाजवतो."

"जयसिंगपूरला मी सारंगीवाल्याला सांगितलंय. काल राती न्हवं, आत्ताच. तू बोलत होतास तवा मनात सांगितलं."

"रागावलात?"

"रागावलो असतो तर दोन शिव्या घालून परत बशिवला असता तुला." बुवांनी सुपातली टरफलं फुंकली. "तसं न्हाई मधू. आता मी गाया बसलो की माजं ध्यान तुज्या तोंडाकडं जाणार. ह्ये आवडलं का ह्येला? ह्ये न्हाई आवडलं? घरी जाऊन कुणाला लिवतोय ह्यो? असं मला गाता येत न्हाई. तू वंगाळ वाजवलं आसतंस तर चाललं आसतं."

त्यानंतर बुवा आठ वर्षं गायले. मी त्यांच्या शेजारी पुन्हा बसलो नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मला अजून वाटत होतं की काहीतरी बोलून हे सावरता येईल, आणि बोलण्यासारखं दुसरं काही सुचेना म्हणून मी विचारलं, "आणि सरगम? जयसिंगपूरचे लोक मागतील की सरगम."

बुवांनी सूप उचलून काखेत धरलं, दुसरा हात गुडघ्यावर रेटून उठले आणि दारात जाऊन थांबले.

"मागूंदेत," ते म्हणाले. "आता कुणासाठी घेऊ?"

आणि ते आत गेले.